आतड्यांची वेस

येडशीच्या रामलिंगाला जाऊन आलेल्या माणसाला तिथली माकडे चांगली ठाऊक असतात. रानात, देवळाभोवती ती हिंडत असली म्हणजे मीही कौतुकाने पाहत उभा राहतो; तीच स्वयंपाकघरात शिरली की मात्र पळता भुई थोडी होते! आपल्या आतड्यांतल्या जंतूंचेही असेच आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी मांडलेला अदमास असा, की माणसाच्या अंगात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू नांदतात, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचणारा कोंडा ते पचवतात, काही जीवनसत्त्वेही तयार करतात. पण ते आणि आपले रक्त यांच्यामध्ये आड काय? पेशींचा एकपदरी पडदा!

मग हे जंतू अंगभर का पसरत नाहीत? पहिली राखण बुळबुळीत श्लेष्म्याची. त्यात मिसळलेली प्रतिपिंडे जंतूंना मारीत बसत नाहीत. त्यांच्या मोळ्या बांधून त्यांना पडद्यापासून दूर ठेवतात. तरी चारदोन आत घुसलेच, तर भक्षक पेशी त्यांना गिळतात. काही पेशी मात्र जिवंत जंतू पोटात घेऊन आतड्यालगतच्या लसिकाग्रंथींपर्यंत जातात. तिथे ओळख पटते, त्या जंतूजोगती प्रतिपिंडे घडू लागतात, आणि त्या पेशी तिथेच थांबतात. रक्तातून निसटलेल्याला यकृत धरते. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द मला इथे जरा लढाऊ वाटतो. हे काम वेशीवरच्या राखणदाराचे.

विषमज्वराचा, म्हणजे खेड्यातल्या 'मुदतीच्या तापा'चा जंतू ही वेस ओलांडतो तो राखणदाराच्याच पोटात बसून! भक्षक पेशीत तो मरत नाही. ग्रंथी, रक्त, यकृत, प्लीहा असा प्रवास करतो. त्यावरची नवी संयुग्मित लस सरकारी मोहिमेतून जगात प्रथम दिली ती नवी मुंबई महापालिकेने, २०१८ साली. नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या लाखाहून अधिक मुलांना.

तान्ह्याची वेस तर अजून बांधायचीच असते. गाईच्या चिकाचा खरवस आपण आळीभर वाटतो, आणि बाळंतिणीचा पिवळसर चीक 'जड' म्हणून पिळून टाकणारी, बाळाला मधाचे बोट चाटवणारी घरे अजून आहेत! तो चीक जन्मापासून तासाभरात बाळाच्या तोंडी जावा, असे डॉक्टर सांगतात. त्यातली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात फारशी उतरत नाहीत. आतड्यातच राहतात आणि नव्याने वस्तीला येणाऱ्या जंतूंना पडद्याच्या अलीकडे अडवून धरतात.