काठी कोणत्या हातात धरावी?

डहाणू किंवा तलासरी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर आवणीच्या दिवसांत गेलात, तर बहुतेक घरे रिकामी दिसतील. कर्ती माणसे खाचरात, मुले शाळेत. पण एखाद्या ओटीवर म्हातारी एकटीच बसलेली असते. तिचा गुडघा गेलेला असतो. ‘आता काय, बसून राहायचं,’ असे ती म्हणते. घरचेही मायेपोटी तेच म्हणतात, ‘तू उठू नको, पडशील.’

शिक्षकांनो आणि शेतकरी बंधुभगिनींनो, ही माया महाग पडते. बसून राहिलेल्या माणसाच्या मांडीचे स्नायू थोड्याच आठवड्यांत रोडावतात. स्नायू रोडावले की पाय लटपटतो, पाय लटपटला की भीती वाढते, आणि भीतीने माणूस आणखीच बसतो. या फेऱ्यातून बाहेर काढायला पुष्कळदा एक काठी पुरते. मात्र ती मापाची हवी, आणि धरायची कशी ते ठाऊक हवे.

काठी धरायला काय शिकायचं, असे तुम्ही म्हणाल. मलाही तसेच वाटे. माझ्या आत्याचा उजवा गुडघा दुखे, म्हणून ती काठी उजव्याच हातात धरी. दुखऱ्या बाजूला आधार द्यावा, हे कोणालाही पटेल. काठी बाजारातून आणलेली, तिच्या कोपरापर्यंत येणारी. त्यामुळे खांदा सदा वर चढलेला आणि कंबर वाकडी. वर्षभरात कंबरही दुखू लागली. पुढे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती काठी वीतभर कापायला लावली आणि आत्याच्या डाव्या हातात दिली. आत्या रुसली, पण आठवडाभराने ती वाडीच्या फाटकापर्यंत आपण होऊन जाऊन आली.

डावा हात का? कावडीवरून पाहा. पुढची घागर भरलेली आणि मागची रिकामी असली, तर मागच्या टोकावर हाताने दाब द्यावा लागतो. मग खांद्यावर घागरीचे ओझे येते आणि हाताच्या दाबाचेही येते. तुम्ही उजव्या पायावर उभे राहिलात की उजवा खुबा हा तो खांदा होतो. शरीराचे वजन डावीकडे कलते आणि खुब्याच्या बाहेरचे स्नायू उजवीकडून ओढून तोल धरतात. दोन्हींचा भार मिळून सांध्यावर शरीराच्या वजनाहून कितीतरी जास्त दाब पडतो. डाव्या हातातली काठी ती भरलेली घागर खालून थोडी उचलून धरते. स्नायूंना कमी ओढावे लागते आणि सांधा हलका होतो. गुडघ्यालाही याचा लाभ मिळतो.

तेव्हा दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात, आणि डावा असेल तर उजव्या हातात. काठी व दुखरा पाय बरोबरच पुढे टाकावेत. माप घेणे सोपे आहे. नेहमीची चप्पल घालून, आणि माणूस अनवाणी चालत असेल तर अनवाणीच, ताठ उभे करावे व हात सोडू द्यावेत. मनगटाची घडी जिथे येते, तिथे मुठीचा वरचा भाग यावा. उंबरा किंवा पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. एक मात्र बजावून सांगतो. पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा पडल्यावर उभेच राहता येईना, तर काठी शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

कुबडीचे माप वेगळे. तिचा वरचा भाग बगलेच्या दोन-तीन बोटे खाली राहिला पाहिजे आणि भार हाताच्या पंजांवर यायला हवा. बगलेत कुबडी खुपसून तिच्यावर अंग सोडून दिले, तर तिथून हाताकडे जाणारी नस दबते आणि मनगट लुळे पडू शकते. पाय राहिला बाजूला आणि हात गेला, असा प्रकार!

आपल्या मुलखात साधन निवडताना आधी वाट पाहावी. चार पायांचा वॉकर सारवलेल्या सपाट घरात उत्तम. पण बांधावर त्याचे चार पाय चार पातळ्यांवर येतात. तीच गत चार टोकांच्या काठीची. शेतवाटेला साधी एकटोकी काठीच बरी. चाकाच्या खुर्चीबद्दल तर मला स्पष्ट बोलायचे आहे. शिबिरात खुर्ची देतात, फोटो निघतो, आणि पाड्यापर्यंत रस्ता नाही म्हणून ती माळ्यावर जाऊन बसते. खुर्ची देण्यापूर्वी घरचा ओटा कोणी पाहिला होता का? एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. तेवढी जागा अंगणात आहे का, हे आधी मोजावे. ताडावरून पडून कण्याला मार बसलेल्या, कमरेखालची जाणीव गेलेल्या तरुणाला तर खुर्चीबरोबर जाड गादीही हवी. दर पंधरा-वीस मिनिटांनी त्याने हातांवर अंग उचलले नाही, तर बसल्या जागी जखमा होतात आणि त्या त्याला कळतही नाहीत.

वाट पाहून साधन घडवले, की काय होते याचा नमुना म्हणजे जयपूर फूट. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाऊल बुटात घालायचे असे. उकिडवे बसणे आणि चिखलात अनवाणी उतरणे त्याला जमत नसे. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८ च्या सुमारास रबराचे, खऱ्या पावलासारखे दिसणारे पाऊल तयार केले. ट्रकच्या टायरला रबर चढवण्याची जी रीत, तीच यात कामी आली. हे पाऊल लावून माणूस भातखाचरात उभा राहतो, मांडी घालून जेवतो. शर्मा फारसे शिकलेले नव्हते, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.

शिक्षकांकडे आणखी एक काम आहे. मूल वाढते, कुबडी वाढत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की अशा मुलाला उभे करून माप पाहावे. तोकड्या कुबडीने पाठ वाकते, आणि आपण म्हणतो मूल आळशी आहे.

आता साधन मिळवायचे कुठून? दिव्यांगांना साधने देण्याची केंद्राची योजना १९८१ पासून आहे. तिच्यासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना निघाली. तीत काठी, कुबडी, वॉकर, चश्मा, कवळी अशा वस्तू येतात. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना जाहीर केली. पासष्टी गाठलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या वृद्धांना तीत एकदाच ३००० रुपये खात्यावर मिळायचे ठरले. डहाणू व कासा इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. दाखल्याची तपासणी कुठे आणि कोणत्या दिवशी होते ते आधी विचारून घ्या. नाहीतर म्हाताऱ्या माणसाची फेरी फुकट जाते. साधन मोफत मिळाले तरी माप घेतल्याखेरीज घेऊ नका. मागायला संकोच वाटतो खरा, पण मागावेच.

आणि ते काठीचे रबर! टायरसारखे तेही झिजते. खालच्या रेघा पुसल्या गेल्या, की ओल्या फरशीवर काठी सटकते. नवे रबर थोडक्या पैशांत मिळते. मृग लागण्यापूर्वी घरातली काठी एकदा उलटी करून पाहा.