जुनी तबकडी, नवा रेडिओ

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कोसंबीचा राजा उदेन आणि भदंत आनंद यांचा संवाद आहे. दानात मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार, असे राजा विचारतो. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्खूंना देऊ, असे आनंद सांगतात. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या गादीच्या खोळी, पुढे जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग फडके. आणि फडकेही विरले की ते मातीत कालवून जमीन लिंपायची. एक उपयोग संपला म्हणजे वस्तू संपली असे नव्हे. हाच विचार तंत्रज्ञानात कसा उतरतो, ते आम्ही एका परिचित वस्तूच्या आधारे येथे मांडत आहोत.

नेऱ्याहून हिंजवडीकडे जाताना मोबाइलच्या मनोऱ्यांवर ढोलासारख्या गोल तबकड्या दिसतात. त्या सूक्ष्मलहरींच्या अँटेना होत. तबकडीच्या पाठीशी असलेली लहान पेटी म्हणजे रेडिओ. रेडिओ काही वर्षांत कालबाह्य होतो; नीट राखलेली तबकडी त्याहून कितीतरी अधिक टिकते. मग रेडिओ बदलताना तबकडीही भंगारात काढावी काय?

तबकडीचा पृष्ठभाग अन्वस्ताकार असतो. समोरून आलेल्या समांतर लहरी तो नाभीकडे एकवटतो. रेडिओ कोणत्या कंपनीचा, हे तबकडीला ठाऊक नसते. अडचण येते ती दोघांमधील जोडणीत.

वारंवारता तीच आणि केवळ कंपनी निराळी असेल, तर काम सोपे असते. पेटी बसवण्याची रचना जुळत नसल्यास योग्य जोडपट्टी लावतात. किंवा रेडिओ शेजारी बसवून लवचिक तरंगनलिकेने जोडतात. मात्र प्रत्येक जोडात थोडी शक्ती खर्ची पडते, तिचा हिशेब आधी करावा लागतो.

वारंवारताच बदलली, तर नाभीकडील ‘फीड’ हा भाग बदलणे भाग पडते. तरंगनलिकेची रुंद बाजू लहरीच्या निम्म्या लांबीपेक्षा मोठी असावी लागते. 15 गिगाहर्ट्‌झची लहर 2 सेंटिमीटर लांब असते. तिच्या नलिकेची रुंद बाजू सुमारे 16 मिलिमीटर असते. 7 गिगाहर्ट्‌झच्या लहरीची निम्मी लांबीच 21 मिलिमीटर भरते. ती त्या नलिकेतून जाऊच शकत नाही. उलट, वारंवारता वाढवली तर लहर आखूड होते आणि पृष्ठभागावरचे जे पोचे पूर्वी क्षम्य होते ते आता बाधक ठरतात.

त्यानंतर ध्रुवण पाहावे. एका टोकाची लहर उभी आणि दुसऱ्याची आडवी असेल, तर संदेश जवळजवळ पोहोचतच नाही. अशा वेळी फीड 90 अंशांत फिरवतात. जोडातील रबरी कडे नवे घालावे, कारण मुळशीच्या पावसात बारीक फटीतूनही नलिकेत पाणी शिरते. शेवटी नेम साधावा. 1.2 मीटरच्या तबकडीचा झोत 15 गिगाहर्ट्‌झला जेमतेम सव्वा अंशाचा असतो, आणि 10 किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे सुमारे 175 मीटरचे अंतर. या साऱ्याच्या आधी परवाना हवा. दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखा वारंवारता नेमून देते. तबकडी आपली असली, तरी लहरींचा मार्ग सामायिक असतो.

या विचाराचे एक थोर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. तेथे मात्र तबकड्या संदेशासाठी नव्हे, आकाशातील लहरी टिपण्यासाठी वापरल्या गेल्या. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिल येथे सूर्याच्या अभ्यासासाठी 32 लहान तबकड्या 1420 मेगाहर्ट्‌झवर चालत. त्यांचे तेथील काम संपल्यावर त्या भारताला भेट मिळाल्या. 1965 मध्ये डॉ. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी कल्याण येथे त्या पुन्हा उभारल्या: 24 पूर्व-पश्चिम रांगेत, 8 उत्तर-दक्षिण. वारंवारता आता सुमारे 610 मेगाहर्ट्‌झ होती. परावर्तक जुनेच राहिले. लहरी टिपणारी यंत्रणा नवी आली. याच गटाने पुढे आपल्या जिल्ह्यातील खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची महाकाय दुर्बीण उभारली. अलीकडे तिचे नूतनीकरण झाले, तेव्हाही त्याच तबकड्या ठेवून फीड आणि ग्राहकयंत्रणा बदलण्यात आली.

तथापि, जुने तेवढे राखावेच असाही आमचा आग्रह नाही. वाकलेली तबकडी केवळ काटकसरीपोटी मनोऱ्यावर ठेवली, तर आपला संदेश क्षीण होतो आणि शेजाऱ्याच्या संदेशात व्यत्यय येतो. भदंत आनंदांनीही विरलेले चीवर पुन्हा कोणा भिक्खूच्या अंगावर घातले नाही. त्याला झेपेल असे नवे काम दिले. वस्तू टाकण्यापूर्वी ती तपासावी, मोजावी, आणि मगच निर्णय घ्यावा. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेतून एवढी सवय सोबत नेली, तरी आम्ही समाधान मानू.