सहा गाणी, एकतीस मिनिटं

नोव्हेंबर १९६१ मध्ये 'डाउन बीट' या अमेरिकेतल्या वजनदार जॅझ मासिकात जॉन टायनन या समीक्षकाने सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनावर 'जॅझविरोधी' असा शिक्का मारला. कोलट्रेन त्या वेळी पस्तिशीत होता. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबमध्ये त्याचं वादन ध्वनिमुद्रित होत होतं. 'चेझिन द ट्रेन' ही सोळा मिनिटांची अखंड झुंज तिथलीच. 'इंडिया' ही रचनाही तिथलीच. रविशंकरांच्या संगीताने तो पुरता भारावलेला होता, पुढे १९६५ मध्ये मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं. श्रोत्यांपैकी अर्ध्यांना हे सगळं साक्षात्कारासारखं वाटत होतं आणि अर्ध्यांना निव्वळ कल्लोळ.

या वादाला दीड वर्ष होत नाही तोच, ७ मार्च १९६३ रोजी, याच वादकाने सहा प्रेमगीतं ध्वनिमुद्रित केली. गायला जॉनी हार्टमन. कोलट्रेनने स्वतःच्या नावावर काढलेल्या रेकॉर्ड्समध्ये गायकासोबतची ही एकच. 'जॉन कोलट्रेन अँड जॉनी हार्टमन' एवढंच तिचं नाव, लांबी जेमतेम एकतीस मिनिटं. जॅझमधल्या प्रणयगीतांचा विषय निघाला की साठ वर्षांनंतरही हे नाव पहिल्या दोन-चारांत येतं.

ती निघाली कशी, याचं एक सोपं उत्तर नेहमी दिलं जातं. 'इम्पल्स' कंपनीचा निर्माता बॉब थील याला आपल्या सर्वांत मोठ्या वादकाबद्दल लोकांच्या मनात बसलेली भीती घालवायची होती. म्हणून ओळीने तीन सौम्य रेकॉर्ड्स झाल्या: सप्टेंबर १९६२ मध्ये ड्यूक एलिंग्टनसोबतची, मग 'बॅलड्स' आणि तिसरी ही. हिशेब खरा असेलही. पण एवढ्यावरून या रेकॉर्डला तडजोड म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बाजारासाठी उरकलेलं काम कानाला लगेच कळतं. इथे तसा एक सूरही नाही.

गायक म्हणून हार्टमनचं नाव कोलट्रेननेच सुचवलं होतं. १९६३ मध्ये हार्टमन चाळिशीला टेकला होता आणि नावाजलेला मुळीच नव्हता. शिकागोत वाढलेला हा गायक युद्धानंतर अर्ल हाइन्सच्या आणि मग डिझी गिलेस्पीच्या मोठ्या वाद्यवृंदात गायला. आवाज खर्जाचा, रुंद आणि काठोकाठ भरलेला. पण त्याच जातीच्या आवाजाचा बिली एक्स्टाइन तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि त्याच्या सावलीत हार्टमन कायम दुसरा राहिला. पन्नाशीच्या दशकात 'साँग्ज फ्रॉम द हार्ट' ही सुरेख रेकॉर्ड निघूनही फार काही बदललं नाही. कोलट्रेनने मात्र तो आवाज ध्यानात ठेवला होता.

विचारणा झाली तेव्हा हार्टमन बिचकला. आपण जॅझ गायक नाही, असं त्याचं स्वतःविषयी प्रामाणिक मत होतं. स्वरांची तोडफोड, शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर केलेली फिरत, यातलं काही तो करत नसे. गाणं सरळ गायचं, शब्द नीट पोचवायचे, ही त्याची रीत. मग तो न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड'मध्ये कोलट्रेनचं वादन ऐकायला गेला. रात्री क्लब बंद झाल्यावर दोघांनी मिळून काही गाणी म्हणून-वाजवून पाहिली आणि त्याची शंका फिटली.

ध्वनिमुद्रण न्यू जर्सीतल्या एंगलवूड क्लिफ्स इथे रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झालं. व्हॅन गेल्डर मूळचा चष्म्याचे नंबर काढणारा. आधी तो आईवडिलांच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करायचा आणि १९५९ मध्ये त्याने ही खास जागा बांधून घेतली. लाकडी कमानींचं उंच छत असलेल्या या दालनात गेलं की चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं, असं तिथे वाजवलेले अनेकजण सांगत. हार्टमनच्या खर्जाभोवती जी मोकळी हवा ऐकू येते, ती या छताचीही देणगी आहे. पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन, ड्रम्सवर एल्विन जोन्स: 'व्हिलेज व्हॅनगार्ड'च्या वादळात असलेलीच माणसं.

गाणी बहुतेक जुनी, काही रंगभूमीवरून आणि चित्रपटांतून आलेली. 'दे से इट्स वंडरफुल' आयर्व्हिंग बर्लिनच्या १९४६ च्या 'अ‍ॅनी गेट युअर गन' या संगीतिकेतलं, तर 'यू आर टू ब्यूटिफुल' रॉजर्स आणि हार्ट या जोडीने १९३३ च्या एका चित्रपटासाठी केलेलं. शेकडो गायकांच्या तोंडी बसून गुळगुळीत झालेली ही गाणी इथे पहिल्यांदाच कुणीतरी मनापासून म्हणतंय, असं वाटतं. ते कसं साधलं, हे पाहण्यासाठी 'माय वन अँड ओन्ली लव्ह' घ्यावं.

सुरुवातीला कोलट्रेन एकटाच संपूर्ण चाल वाजवतो. फिरत नाही, तानबाजी नाही, बहुतेक मूळ चालच. फक्त काही स्वरांवर तो किंचित रेंगाळतो आणि एखाद्या ओळीच्या टोकाला लहानशी मुरकी देतो. दोन मिनिटं उलटून जातात तरी गायकाचा पत्ता नसतो. मग हार्टमन येतो आणि तीच चाल पुन्हा, आता शब्दांसह, ऐकवतो. त्याच्या पहिल्याच दीर्घ स्वरावर लक्षात येतं की कोलट्रेनने केवळ प्रस्तावना वाजवली नव्हती. श्वास कुठे घ्यायचा, ओळ कुठे सोडायची, हे त्याने वाजवतानाच ठरवून ठेवलं होतं. आपल्याकडे बंदिशीचे बोल मनात धरून वाजवणाऱ्या सारंगियांची परंपरा आहे. ज्याने ती ऐकली आहे, त्याला कोलट्रेन इथे काय करतोय हे समजावून सांगावं लागणार नाही. हार्टमनची बाजूही तितकीच तोलाची. ओळ संपताना तो आवाज झटकन तोडत नाही, कंप देऊन ओढतही नाही. स्वर आपल्या वजनाने खाली बसू देतो. जोन्ससारखा दणदणीत वादक ड्रमच्या कातड्यावर तारेचे ब्रश फिरवत नुसती लय धरून राहतो. हे सगळं होतं ठाय लयीत, जिथे कच्चा गवई हमखास उघडा पडतो.

'लश लाइफ'ची गोष्ट वेगळी. बिली स्ट्रेहॉर्नने विशीच्या आतच लिहायला घेतलेलं हे गाणं फसव्या वाटांचं आहे. आधी लांबलचक, ठेक्यात न बसणारा कथनाचा भाग, मग लयीत येणारं मुख्य गाणं, आणि स्वरांच्या उड्या अशा की भले भले घसरतात. शब्दांत प्रेमभंगाने थकलेल्या, मद्यालयांत रात्री काढणाऱ्या माणसाची कैफियत. हार्टमनने पुढे सांगितलेली आठवण अशी की स्टुडिओकडे जाताना गाडीतल्या रेडिओवर नॅट किंग कोलच्या आवाजात हे गाणं लागलं आणि त्याने तिथल्या तिथे म्हटलं, हेही घ्यायचं. कोलट्रेनने ते पूर्वी नुसतं सॅक्सोफोनवर वाजवलं होतंच. इथला कथनाचा भाग हार्टमन जवळजवळ बोलल्यासारखा म्हणतो, टायनरचा पियानो त्याच्या वाक्यामागून चालत राहतो, आणि ठेका सुरू होतो तेव्हा गाणं जमिनीवर पाय टेकतं. स्वतःची कीव करायला या गाण्यात पदोपदी जागा आहे. हार्टमन ती एकदाही घेत नाही. माझ्या मते या गाण्याचा याहून चांगला गायक झालेला नाही.

शेवटचं 'ऑटम सेरेनेड' लॅटिन वळणाच्या ठेक्यावर आहे. गोड आहे, पण बाकीच्या पाचांच्या पंगतीत ते जरा हलकं पडतं.

१९६३ च्या मध्यावर रेकॉर्ड बाजारात आली. ते वर्ष अमेरिकेत प्रेमगीतांचं नव्हतं. सप्टेंबरात अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला, त्यात चार मुली मारल्या गेल्या. नोव्हेंबरात याच चौघा वादकांनी याच स्टुडिओत 'अलाबामा' वाजवलं. तो विलाप आणि ही प्रेमगीतं यांत आठ महिन्यांचं अंतर आहे आणि कोलट्रेनचा संथ, सरळ धरलेला सूर दोन्हीकडे तोच आहे. डिसेंबर १९६४ मध्ये 'अ लव्ह सुप्रीम' ही कोलट्रेनची रेकॉर्ड झाली. जुलै १९६७ मध्ये यकृताच्या कर्करोगाने तो गेला, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी.

हार्टमनच्या वाट्याला उजेड कमीच आला. 'इम्पल्स'साठी त्याने आणखी रेकॉर्ड्स केल्या, पण १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकेत उतरले आणि संथ प्रेमगीतं गाणाऱ्या भारदस्त आवाजांचा बाजार बसला. तो लहान क्लबांतून गात राहिला. १९८० च्या 'वन्स इन एव्हरी लाइफ'ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, १९८३ मध्ये तो गेला. क्लिंट ईस्टवुडने १९९५ च्या 'द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी' या चित्रपटात त्याची गाणी वापरली, तेव्हा कुठे घराघरांत लोक विचारू लागले, हा कोण? ते ऐकायला तो नव्हता. २००९ मध्ये गायक कर्ट एलिंगने कोलट्रेन-हार्टमनच्या गाण्यांवर आख्खी रेकॉर्ड केली आणि तिला ग्रॅमी मिळालं.

रेकॉर्ड तडजोडीची होती की नाही, या प्रश्नाला सर्वांत चोख उत्तर मात्र २०१८ मध्ये मिळालं. कोलट्रेनची पहिली पत्नी नईमा हिच्या कुटुंबाकडे एक टेप जपून ठेवलेली होती. ती 'बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स' या नावाने प्रसिद्ध झाली. तारीख ६ मार्च १९६३. म्हणजे हार्टमन यायच्या आदल्या दिवशी, त्याच दालनात, याच चौघांनी दिवसभर धारदार, शोधक, कुठे कुठे खवळलेलं संगीत वाजवलं होतं. रात्री ते 'बर्डलँड'मध्ये वाजवायला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन ही सहा गाणी केली. चोवीस तासांत कुणी आपला पिंड बदलत नाही. दोन्ही दिवशी वाजवणारा माणूस एकच होता आणि दोन्ही दिवशी तो पूर्ण होता.

दोन्ही रेकॉर्ड्स आज सहज मिळतात. हार्टमन पहिल्यांदाच ऐकणार असाल तर तारखांचा क्रम पाळा: आधी ६ मार्च, मग ७ मार्च.