वस्तूंना वाचा फुटते

मुंबईत महात्मा गांधी मार्गाच्या कडेला, बागेच्या मध्यभागी, विशाल घुमटाची एक भव्य इमारत उभी आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय ते हेच. या इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवण्यात आली. १९१४ साली बांधकाम पुरे झाले. परंतु त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि कलावस्तूंऐवजी तेथे रुग्णांच्या खाटा आल्या. अखेर १० जानेवारी १९२२ रोजी हे संग्रहालय सर्व लोकांसाठी खुले झाले. पूर्वी ते ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम’ या नावाने ओळखले जाई. आजचे नाव त्याला १९९८ मध्ये मिळाले. मूर्ती, चित्रे, नाणी, शस्त्रे, वस्त्रे अशा सुमारे ५० हजार वस्तू तेथे जतन केलेल्या आहेत.

दरवर्षी शाळाशाळांतील मुले येथे सहलीला येतात. पुष्कळदा असे घडते, की मुलांची रांग एका दालनातून दुसऱ्या दालनात घाईघाईने सरकत राहते. तासाभरात सारे संग्रहालय पालथे घातले जाते. घरी गेल्यावर आई विचारते, “काय काय पाहिलेस?” मूल उत्तर देते, “पुष्कळ पाहिले!” पण त्यांतील एखाद्या वस्तूविषयी दोन वाक्ये सांग म्हटले, की ते गप्प होते. डोळ्यांपुढून जाते ते दिसते. परंतु जे मन लावून न्याहाळावे तेच खरे पाहिलेले असते.

ही अडचण केवळ मुलांची नाही आणि केवळ आपल्या देशातलीही नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या ललितकला संग्रहालयात बेंजामिन गिलमन नावाचे एक अधिकारी होते. संग्रहालय पाहताना माणूस का थकतो, याचा त्यांनी अभ्यास केला. वस्तू नीट दिसाव्यात म्हणून प्रेक्षकाला किती वाकावे लागते आणि मान किती वळवावी लागते, हे त्यांनी छायाचित्रांच्या साहाय्याने दाखवले व १९१६ साली त्याविषयी लेख लिहिला. शरीर थकले की मनही वस्तूपासून दूर जाते. सुंदर वस्तू मांडून ठेवणे एवढ्यानेच संग्रहालयाचे काम संपत नाही. त्या वस्तू पाहण्यास लोकांना साहाय्य करणारा माणूसही तेथे हवा, असे गिलमन यांचे मत होते. त्यामुळेच बॉस्टनच्या संग्रहालयात १९०७ पासून प्रेक्षकांबरोबर फिरून माहिती सांगणारे मार्गदर्शक नेमण्यात आले. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

चांगला मार्गदर्शक नेमके काय करतो? मुंबईच्या संग्रहालयातील एका मूर्तीचे उदाहरण घेऊ. ही मूर्ती भाजलेल्या मातीची आहे. तिच्यातील पुरुषाच्या केसांची रचना कुरळी व नीटनेटकी असून हातात कमळ आहे. मार्गदर्शक लगेच माहिती सांगू लागत नाही. तो मुलांना क्षणभर स्तब्ध उभे करतो आणि विचारतो, “हा कोण असावा?”

“राजा असेल,” एक मुलगा म्हणतो.

“मग याच्या हाती तलवार का नाही?”

मुले पुन्हा निरखून पाहतात. “याच्या हातात फूल आहे,” एक मुलगी हळूच म्हणते, “हा ते कोणाला तरी वाहायला निघाला असेल.”

आता सांगण्याची वेळ आलेली असते. ही मूर्ती सिंध प्रांतातील मीरपूरखास येथील विटांच्या बौद्ध स्तूपावर होती. तो प्रदेश आज पाकिस्तानात आहे. १९०९–१० मध्ये हेन्री कझन्स यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा ती सापडली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा भक्त आहे. सिंधू नदीच्या गाळाच्या मैदानात माती विपुल. म्हणून तेथील कारागिरांनी मातीलाच रूप दिले आणि ती भट्टीत भाजून टिकाऊ केली. एवढे कळताच काचेपलीकडची मूर्ती परकी राहत नाही. तिला जणू वाचा फुटते.

संग्रहालयात ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी असते. हा नियम मुलांना जाचक वाटतो. पण त्यामागे कारण आहे. हाताचा घाम आणि त्वचेवरील तेलकटपणा धातूला, कागदाला व रंगाला अपाय करतो. एका स्पर्शाने फारसे बिघडत नसले, तरी हजारो हात लागले तर वस्तूची झीज होते. मग ज्यांना दृष्टी नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी अनेक संग्रहालयांत प्रतिकृती ठेवतात. बोटांनी चाचपून त्यांना मूर्तीचा आकार समजून घेता येतो.

शहरापासून दूर राहणाऱ्या मुलांचाही विचार झाला पाहिजे. संग्रहालय जर सर्वांचे, तर जे दाराशी येऊ शकत नाहीत त्यांच्या दाराशी त्यानेच जायला हवे. याच विचाराने मुंबईच्या संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘म्यूझियम ऑन व्हील्स’ ही बस सुरू केली. ही बस प्रदर्शन घेऊन शाळांच्या अंगणात जाऊन उभी राहते. पुढे २०१९ मध्ये संग्रहालयाच्या आवारात मुलांसाठी स्वतंत्र बालसंग्रहालयही उघडण्यात आले.

तथापि, मार्गदर्शक प्रत्येक वेळी बरोबर असेलच असे नाही. अशा वेळी एकच वस्तू निवडावी, तिच्यापुढे शांतपणे उभे राहावे आणि मनाशी तीन प्रश्न विचारावेत: ही कशाची बनवली आहे? ती कशासाठी बनवली असेल? बनवणाऱ्याने कोणती गोष्ट विशेष काळजीने घडवली आहे? पन्नास वस्तूंवरून नजर फिरवण्यापेक्षा एक वस्तू अशी पाहणे अधिक मोलाचे.

मीरपूरखासच्या त्या स्तूपावर फुले वाहणारे लोक आज नाहीत. त्यांच्या श्रद्धेची आणि त्या अनामिक कुंभाराच्या कौशल्याची खूण मात्र उरली आहे. काच आणि कुलूप तिला फुटण्यापासून वाचवू शकतात. विस्मृतीपासून मात्र तिला वाचवतो तो मन लावून पाहणारा माणूसच.