एका खात्यात पाच साइट

प्रत्येक गोतावळ्यात एक ‘कॉम्प्युटरवाला’ असतो. त्याने स्वतःच्या दुकानाची साइट उभी केली की वर्षभरात मेहुण्याच्या क्लासची येते, मग सोसायटीची, मग गल्लीतल्या गणेश मंडळाची. होस्टिंगच्या जाहिरातीत ‘अनलिमिटेड वेबसाइट्स’ असे ठळक छापलेलेच असते. पैसे एकदाच भरायचे आणि सगळ्यांची सोय लावायची, यात वावगे काहीच नाही. मात्र त्या खात्याच्या आत भिंती कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हे जाहिरात सांगत नाही.

एका सर्व्हरवर, एकाच आयपी पत्त्यावर अनेक साइट ही सोय वेबच्या जन्मापासून नव्हती. सुरुवातीचे ब्राउझर सर्व्हरकडे नुसते पान मागत. कोणत्या साइटचे, हे सांगतच नसत. पाकिटावर वाड्याचा पत्ता आहे पण नाव नाही, अशा वेळी पोस्टमनची जी गत होईल ती सर्व्हरची व्हायची. म्हणून साइटगणिक वेगळा आयपी पत्ता लागे. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ प्रसिद्ध झाले आणि प्रत्येक विनंतीत साइटचे नाव सांगणारी ‘होस्ट’ ही ओळ सक्तीची झाली. स्वस्त होस्टिंगचा सगळा धंदा या एका ओळीवर उभा आहे. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत पत्तेच मुळी सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपले.

एचटीटीपीएसचा गुंता सुटायला आणखी वेळ लागला. तिथे आधी सुरक्षित जोडणी होते आणि मग विनंती जाते. म्हणजे साइटचे नाव कळण्याआधीच सर्व्हरला प्रमाणपत्र दाखवावे लागे. त्यावर २००३ मध्ये एसएनआय ही तोड निघाली. जोडणी करतानाच ब्राउझर नाव सांगू लागला. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला मात्र ती शेवटपर्यंत उमगली नाही, आणि एक्सपी आपल्याकडे किती चिवटपणे टिकले ते सायबर कॅफेत बसलेल्यांना सांगायला नको. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने फुकट प्रमाणपत्रे सर्वांसाठी खुली केल्यावर पाच साइटना पाच प्रमाणपत्रे घेणे बिनखर्चाचे झाले.

नवी साइट जोडण्याचे काम तसे किरकोळ. डोमेनचे नेमसर्व्हर होस्टिंगकडे वळवायचे, सीपॅनेलमध्ये ते डोमेन जोडायचे, एक फोल्डर तयार होते, त्यात वर्डप्रेस टाकायचे. (डोमेन ‘डॉट भारत’मधले देवनागरी असेल तर पॅनेलमध्ये ‘एक्सएन’ने सुरू होणारी अगम्य रोमन अक्षरे दिसतील. दचकू नका, ते तुमचेच नाव आहे.) काळजी एकच घ्यावी: नव्या साइटचे फोल्डर मुख्य साइटच्या ‘पब्लिक एचटीएमएल’च्या पोटात ठेवू नये. पूर्वी ते आपोआप तिथेच बनायचे. तसे झाले की मुख्य साइटच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमधले नियम धाकट्या साइटलाही लागू होतात, आणि धाकटी साइट थोरलीच्या पत्त्यावरूनही उघडू शकते.

आता भिंतींविषयी. शेअर्ड सर्व्हरवर तुमच्या शेजारी शेकडो अनोळखी खाती असतात. त्यांच्यापासून तुम्हाला वेगळे ठेवण्याची व्यवस्था चांगल्या कंपन्या करतात. पण एकाच खात्यातल्या पाच साइट सर्व्हरच्या लेखी एकाच माणसाच्या असतात. पाचही साइटचा पीएचपी प्रोग्रॅम साधारणपणे त्याच एका युजरच्या नावाने चालतो, त्यामुळे एका साइटमधला कोड दुसरीच्या फाइली वाचू शकतो आणि बदलूही शकतो. प्रत्येक साइटचा डेटाबेस वेगळा केला तरी फारसे साधत नाही, कारण त्याचा पासवर्ड वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये उघड्या अक्षरांत लिहिलेला असतो.

इथे मंडळाची साइट आठवावी. भाद्रपदातले दहा दिवस तिच्यावर वर्दळ. मग पुढच्या वर्षीपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. स्लायडरचे, फोटो गॅलरीचे प्लगइन तसेच जुने राहते. घुसखोर शिरतो तो असल्याच दारातून, आणि आत आल्यावर दुकानाच्या साइटवरचे ग्राहकांचे पत्ते आणि ऑर्डरी त्याच्या हाताशी असतात. साफसफाई करतानाही एकट्या मंडळाची साइट धुऊन भागत नाही. एका फोल्डरमध्ये लपलेली फाइल उरलेल्या चारही साइट पुन्हा बिघडवते.

खात्याला नेमून दिलेला प्रोसेसर आणि मेमरीही सगळ्यांत मिळून एकच. आरतीच्या वेळेला मंडळाच्या पानावर झुंबड उडाली की दुकानाच्या साइटवर ‘५०८’ची एरर झळकू शकते. ‘अनलिमिटेड’ जागेचेही तसेच आहे. जीबी मोजत नसतील तर फाइलींची संख्या मोजतात; तिला ते ‘आयनोड’ म्हणतात, आणि ही मर्यादा करारातल्या बारीक अक्षरांत सापडते. ईमेलचा त्रास वेगळाच. एका साइटमधून स्पॅम सुटला की सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि क्लासच्या फीच्या पावत्याही पालकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात.

म्हणून माझे मत असे, की पैशांचा व्यवहार होणारी साइट कायम एकटी असावी, मग त्यासाठी दुसरे खाते घ्यावे लागले तरी चालेल. चार-पाच जणांच्या साइट सांभाळायच्याच असतील तर रिसेलर खाते घ्यावे, म्हणजे प्रत्येकाचे सीपॅनेल आणि युजर वेगळे होतात. मंडळ, सोसायटी यांना वर्डप्रेस हवेच कशाला? साध्या एचटीएमएलची चार पाने पुरतात. त्यांत ना प्लगइन, ना डेटाबेस. बॅकअप तर होस्टिंगच्या बाहेरच हवा. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ‘ओव्हीएच’ कंपनीचे डेटा सेंटर जळाले, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता अशा काही ग्राहकांचा तोही गेला.

आणि ‘कॉम्प्युटरवाल्या’ वाचकांना एक विनंती. होस्टिंग तुमच्या नावावर असू द्या. पण मेहुण्याचे डोमेन मेहुण्याच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर नोंदवा आणि रिन्युअलची तारीख त्याला लिहून द्या.