धांव कां सुटते? तापवून बसविलेल्या कड्यांविषयीं थोडी माहिती

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना पुष्कळ शेतकऱ्यांनीं पाहिलें असेल. रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून हें काम विरळ झालें असलें, तरी त्यांतील तत्त्व नाहींसें झालेलें नाहीं. ट्रॅक्टरच्या इंजिनांतील फ्लायव्हीलवरचें दातेरी कडें पुष्कळदां याच रीतीनें तापवून बसविलेलें असतें. म्हणून असा सांधा कशानें धरतो व कशानें सुटतो, हें यंत्र बाळगणाऱ्या प्रत्येकानें समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम धरण्याचें कारण पाहूं. लोहार धांव चाकाच्या परिघापेक्षां मुद्दाम थोडी आंखूड करितो. पांच फूट व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारें 188 इंच भरतो. लोखंड एक अंश सेंटिग्रेड तापलें कीं आपल्या लांबीच्या सुमारें 12 दशलक्षांश वाढतें; म्हणजे 400 अंशांनीं तापलेली धांव सुमारें 0.9 इंच लांबते, आणि तेवढ्या अवकाशांत ती चाकावर उतरते. पाणी ओतल्यावर ती पुन्हां आंखूड होऊं पाहते, परंतु आंतील चाक तिला अडवितें. ही अडविलेली ओढ धांवेंत ताण होऊन राहते आणि पुठे, आरे व तुंबा यांस आंत दाबून एकजीव करिते. धांव मुख्यतः टिकते ती या ताणावर.

यावरून सुटण्याचीं कारणें दोनच निघतात: आंतील वस्तु आकसावी, किंवा बाहेरील कडें फुगावें. गाडीच्या चाकांत पहिलें कारण प्रबळ असतें. उन्हाळ्यांत लांकूड वाळून आकसतें आणि धांव खडखडूं लागते. तेव्हां चाकें ओढ्यांत भिजत ठेवण्याची चाल आहे. तिनें तात्पुरता गुण येतो. पण फुगलेलें लांकूड लोखंडाशीं दाबून चेंगरतें, आणि पुन्हां वाळल्यावर पूर्वीपेक्षां अधिक आकसतें. खरा उपाय म्हणजे धांव कापून, आंखूड करून पुन्हां चढविणें हाच होय.

वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत मात्र दुसरें कारण पुढें येतें. फिरत्या कड्याचा प्रत्येक कण सरळ रेषेंत बाहेर निसटूं पाहतो. त्याला वाटोळ्या मार्गांत ओढून ठेवण्याचें काम कड्यालाच करावें लागतें, आणि त्या ओढीनें कडें लांबतें. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते: वेग दुप्पट तर ओढ चौपट, वेग तिप्पट तर नऊपट. कड सेकंदाला 100 मीटर धांवत असेल, तर पोलादी कड्यांत प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारें 800 किलो ताण केवळ फिरण्यानें येतो. बैलगाडीची धांव सेकंदाला एक मीटर चालते. तेथें हाच ताण दहा हजारांश, म्हणजे नसल्यासारखाच.

आंतील भरीव चकतीही फिरतांना फुगते, पण कड्याच्या सुमारें सहाव्या हिश्श्यानेंच. त्यामुळें वेग वाढूं लागला कीं दोहोंमधील दाब उतरत जातो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दाब उतरला म्हणून कड्यांतील ताण उतरत नाहीं. उलट थोडा वाढतो. म्हणजे कडें कमी धरतें आणि अधिक सोसतें. शेवटीं असा एक वेग येतो कीं दाब शून्य होतो, आणि कडें जागच्या जागीं घसरूं लागतें.

साडेतीनशें मिलिमीटर व्यासाचें दातेरी कडें मिनिटाला 2200 फेरे घेतांना व्यासांत सुमारें 0.02 मिलिमीटर फुगतें. बसवितांना ठेवलेली तूट याच्या कितीतरी पट असते, म्हणून नेमल्या वेगांत धास्ती नाहीं. परंतु काम लवकर उरकावें म्हणून यंत्रावर लहान पुली लावून त्याचा वेग वाढविणाऱ्यानें वर्गाचा हा हिशेब विसरूं नये.

मग तूट वाटेल तितकी ठेवावी, असेंही नाहीं. अति घट्ट कडें थांबलेलें असतांनाही ताणाखालीं असतें, आणि चावीसाठीं पाडलेल्या खांचेसारख्या जागेपासून तें तडकूं शकतें. इंग्लंडांत हिंक्ले पॉइंट येथील वीजगृहांत 1969 सालीं टर्बाइनच्या आंसावर तापवून बसविलेली चकती, वाढीव वेगाची चांचणी चालू असतां, अशाच खांचेजवळच्या तडीमुळें फुटली, आणि सबंध यंत्राचा नाश झाला.

व्यवहारांत पुढील गोष्टी पाळाव्या. कडें व आंतील चकती यांवरून आडवी रंगाची रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले, तर कडें घसरलें असें समजावें. यंत्र बंद असतांना कड्यावर हलकी हातोडी मारून आवाज ऐकावा. घट्ट सांध्याचा आवाज स्वच्छ येतो, ढिल्याचा बद्द येतो. दातेरी कडें तापवितांना सर्व बाजूंनीं सारखें तापवावें व लाल होऊं देऊं नये, नाहीं तर दातांचा कठीणपणा जातो. ढिलें कडें पाचर ठोकून किंवा ठिकठिकाणीं वेल्डिंग करून चालवूं नये. त्याच जागीं तड जाण्याची भीति असते. यंत्राच्या पाटीवर लिहिलेला वेग ही त्याची शेवटची मर्यादा मानावी. सुटलेली धांव गाडी वाटेंत अडवून ठेवते. वेगांत सुटलेलें कडें मात्र जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततें.