करून बघताना : लेखांक ६
अर्धंच खरवडा!

मागच्या लेखांकात आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन केले होते. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ढिम्म राहतो. ही काड्यांची युक्ती अरविंद गुप्ता यांची. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर पुण्यात टेल्कोत होते. १९७८ मध्ये रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथून टाकाऊतून खेळणी हाच त्यांचा उद्योग झाला. पुढे ‘आयुका’तल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांनी शाळाशाळांत पोहोचवलेली एक मोटर आज करू.

साहित्य फुटकळ आहे. टॉर्चचा जाड सेल, दोन सेफ्टी पिना, ट्यूबचं रबर, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणि मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली मीटरभर तार. तारेचे सेलभोवती दहाएक वेढे घेऊन वेटोळं करायचं, दोन टोकं समोरासमोर बाहेर काढायची. सेलच्या दोन्ही बाजूंना रबराने पिना आवळायच्या, पिनांच्या भोकांत टोकं अडकवायची, खाली सेलवर चुंबक ठेवायचं.

आता बोट लावून फिरवा. बहुधा काहीच होणार नाही, कारण या तारेवर लाखेसारखा पातळ लेप असतो आणि त्यातून वीज जात नाही. तो ब्लेडने खरवडावा लागतो (ब्लेड मोठ्यांच्या हातात, मुलांना पॉलिश पेपर द्या). मुलं उत्साहाने दोन्ही टोकं चकचकीत करतात. वेटोळं झटका खातं, थोडं डुलतं आणि थांबतं.

का थांबतं? वीज वाहू लागली की वेटोळं स्वतःच चुंबक होतं आणि खालच्या चुंबकाशी जुळवून घ्यायला वळतं. जुळलं, की पुढे जायचं कारण उरत नाही. जरा पुढे गेलंच तर मागे ओढलं जातं. म्हणून एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं अर्धंच. अर्ध्या फेरीत ढकल मिळते, उरलेल्या अर्ध्या फेरीत लेपाची बाजू पिनेवर येते, वीज तुटते आणि वेटोळं आपल्या वेगाने पुढे सरकतं. मोठ्या मोटरमध्ये कॉम्युटेटर तरी दुसरं काय करतो? योग्य क्षणी विजेची दिशा बदलतो.

पण अर्धं म्हणजे कुठलं अर्धं? वेटोळं उभं धरून टोकाची वरची बाजू खरवडायची. आडवं धरून खरवडलं तर वीज चालू असतानाच ढकलीची दिशा उलटते आणि मोटर रुसते. हे आधी सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या बाकावरची मोटर गरगरतेय आणि आपली नाही, मग दोन्ही वेटोळी हातात घेऊन मुलं फरक शोधतात, त्यात खरा अभ्यास होतो. मात्र थांबलेली मोटर सेलवर तशीच ठेवू देऊ नका, तार आणि सेल दोन्ही तापतात.

स्टेशनरीच्या दुकानातून आणलेला, रात्री अकराला आईबाबांनी चिकटवलेला ‘प्रोजेक्ट’ ही संधीच काढून घेतो. तो पहिल्या फटक्यात चालतो किंवा कधीच चालत नाही. दोन्हीत मुलाला करण्यासारखं काही उरत नाही.

मोटर फिरली म्हणजे कृती जमली. तिच्यावर रंगीत कागदी चकती फिरवायची ठरली, की रचना सुरू होते. चकती जड झाली तर वेग जातो, लहान केली तर रंग मिसळलेले दिसत नाहीत. मग कागद पातळ घ्यायचा, की वेढे वाढवायचे? वेढे वाढवले तर वेटोळंही जड होतं. चौथीतलं मूल या पेचात सहज रमतं.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने थोड्या मोठ्या, सहावीच्या आसपासच्या मुलांसोबत अशीच कामं केली. दप्तराची पिशवी, पवनचक्कीची प्रतिकृती, बाहुल्यांचा खेळ. त्यात वस्तू करण्याआधी ती कागदावर रेखाटायची होती. आपल्या शाळांत चित्रकलेचा तास वेगळा आणि विज्ञानाचा वेगळा, त्यामुळे ‘आधी काढून दाखव’ म्हटलं की मुलं सूर्य आणि डोंगरही काढतात. काढू द्यावेत. फक्त पिन कुठे आणि रबर कुठे, हे त्यात दिसलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात पवनचक्की घेऊ : पाती किती, कशाची, आणि ती वाऱ्याकडे तिरकी का ठेवायची.